यंदा गणपतीला निघाल, तर साखळीला हात लावू नका

गणपतीला गावी निघालेल्या सगळ्या चाकरमान्यांना, त्यांना गाडीत बसवून द्यायला येणाऱ्या भावा-भाच्यांना आणि मुंबईतल्या प्रत्येक ग्रामस्थ मंडळाला हे कळकळीचं आवाहन आहे. गणपती तोंडावर आलेत. दोन महिने आधी सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइलवर बोटं आपटून ज्यांना तिकीट मिळालं, त्यांच्या बॅगा भरून तयार आहेत. ज्यांचं वेटिंगवरच राहिलं, ते जनरलच्या रांगेत रात्र काढायची तयारी करताहेत. येत्या काही दिवसांत कोकण रेल्वेवर नेहमीच्या गाड्या आणि गणपती स्पेशल मिळून अशी रीघ लागेल, की एका गाडीचा उशीर दुसरीने भरून काढायला जागाच उरणार नाही.

मागणं एकच आहे. स्वतःच्या सोयीसाठी गाडीची साखळी ओढू नका. जिन्यावर मागे राहिलेल्या माणसासाठी नको, गाडी न थांबणाऱ्या आपल्या स्टेशनासाठी नको आणि फलाटावर विसरलेल्या मखराच्या गाठोड्यासाठी तर नकोच नको.

साखळी ओढली की गाडी थांबते, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पुढचं डब्यात बसून दिसत नाही. इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेकची एक नळी गेलेली असते आणि तिच्यात हवा दाबून भरलेली असते. हवा भरलेली असेपर्यंत ब्रेक सुटलेले राहतात. साखळी ओढली की नळीचं एक तोंड उघडतं, हवा निसटते, दाब पडतो आणि ब्रेक लागतात. इंजिनात लोको पायलटला काटा पडताना दिसतो, पण नेमका डबा कुठला हे शोधायला माणूसच धाडावा लागतो. पुढून सहायक लोको पायलट निघतो, मागून गार्ड निघतो. गार्डला आता ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण हुद्दा बदलला म्हणून खडीतलं चालणं काही चुकलेलं नाही. बावीस डब्यांची गाडी म्हणजे अर्धा किलोमीटर. डब्याबाहेरची खूण बघत जायचं, डबा सापडला की हाताने ते तोंड बंद करायचं, परत इंजिनापर्यंत चालत यायचं, दाब पुन्हा भरेपर्यंत थांबायचं आणि मग गाडी हलवायची. कोरड्या दिवशी, उजेडात, सगळं सुरळीत झालं तरी दहा मिनिटं गेलीच. भाद्रपदातल्या रात्री, वरून पाऊस कोसळत असताना, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला पाण्याने भरलेलं गटार असताना किती जातात, ते त्या सहायकाला विचारा.

दहा मिनिटांनी काय होतंय, असं वाटेल. घाटावरच्या दुहेरी मार्गावर कदाचित फार होत नसेल. कोकणात होतं.

रोह्यापासून मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत कोकण रेल्वे सुमारे 740 किलोमीटर आहे. त्यातला रोहा ते वीर हा जेमतेम 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे सावंतवाडीपर्यंत आणि तिथून गोव्यापर्यंत एकेरी मार्ग. जाणाऱ्या गाड्याही त्यावरूनच, येणाऱ्याही त्यावरूनच. दोन स्टेशनांच्या मधे एका वेळी एकच गाडी. समोरून येणारीने आधीच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर उभं राहायचं, यालाच आपण ‘क्रॉसिंगला पडली’ म्हणतो. खेड आणि अंजनीच्या मधे कुणी साखळी ओढली, की मुंबईकडे येणारी गाडी अंजनीला अडकते. तिच्या मागची चिपळूणला थांबते, तिच्याही मागची सावर्ड्याला. उलट बाजूला खेडच्या अलीकडे कळंबणीत पुढची स्पेशल सिग्नलकडे डोळे लावून उभी. पावसाळी वेळापत्रकात गाड्यांचा वेग आधीच कमी केलेला असतो. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं, तर ताशी 40 किलोमीटरनेच चालवायची असा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. 2003 मध्ये वैभववाडीला आणि 2004 मध्ये आंबवलीला जे अपघात घडले, त्यानंतर या मार्गावर पावसाशी कुणी पैज लावू नये. म्हणजे हरवलेली दहा मिनिटं वेगाने भरून काढायची सोय इथे नाही. ती गाडीगणिक वाढतच जातात.

आणि गावाकडे हा हिशोब मिनिटांत होत नाही. कणकवलीला गाडी तासाभराने उशिरा आली, की वस्तीची एसटी निघून गेलेली असते. मग रिक्षावाला सांगेल ते भाडं, नाहीतर सामान डोक्यावर घेऊन अंधारातून चाल. चतुर्थीच्या आदल्या रात्री आजी-आजोबांना आणि कडेवरच्या पोराला घेऊन फलाटावर तिष्ठत बसलेली माणसं ज्यांनी पाहिली असतील, त्यांना वेगळं सांगायला नको.

आता साखळी ओढणारा कोण असतो, ते पाहू. तो दंगेखोर नसतो. ठाण्याच्या फलाटावर मी पाहिलेली गोष्ट सांगतो. रात्रीची गाडी, डब्याच्या दारात कोंबाकोंबी. एका कुटुंबाचे चौघे आत शिरलेले, दोन पोती, एक स्टँडचा पंखा आणि कापडात गुंडाळलेली ढोलकीही आत. म्हातारी अजून पुलाच्या जिन्यावर, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरतेय. गाडीने भोंगा दिला, हलली. आतून आवाज आला, “आवस रवली रे मागे! वड, वड!” आणि तिशीतल्या मुलाने साखळी ओढली. गाडी थांबली. म्हातारीला चौघांनी उचलून आत घेतलं आणि डब्यात सगळ्यांनी हुश्श केलं. कुणीही त्याला एक शब्द बोललं नाही. मीही बोललो नसतो. आईसाठी साखळी ओढणाऱ्याला काय म्हणून बोलायचं?

पण ती म्हातारी जिन्यावर मागे का राहिली, हा प्रश्न त्या रात्री कुणी विचारला नाही. कारण घर सुटलं तेच मुळी गाडीच्या वेळेच्या हिशोबाने, फलाटाच्या वेळेच्या नाही. कारण पंखा, पोती आणि ढोलकी आधी आत गेली, माणूस मागून. आणि सगळ्यांच्या मनात एक खात्री होती, की शेवटी साखळी आहेच.

या खात्रीवर चीनमध्ये एकदा मोठा गदारोळ झाला होता. 5 जानेवारी 2018 रोजी हेफेई स्टेशनात एका बाईंनी वेगवान गाडीच्या दारात आडवं उभं राहून दार लागू दिलं नाही. नवरा तिकीट तपासणीच्या फाटकाशी अडकला होता, तो येईपर्यंत गाडी सोडू नका, एवढंच त्यांचं म्हणणं. रेल्वेचे कर्मचारी हात धरून विनवताहेत, त्या दारातून हलत नाहीत, असा व्हिडिओ देशभर फिरला. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, हे कळल्यावर तर लोक आणखीच भडकले. त्यांना 2000 युआन दंड झाला आणि शाळेतून निलंबित केलं गेलं. त्या देशात फाटकं गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधीच बंद होतात. उशीर झाला तर समोर गाडी उभी दिसत असूनही फलाटावर जाता येत नाही. त्या बाईंची जशी जाहीर शोभा झाली, ती मला आवडलेली नाही. एका माणसाचा चेहरा कोट्यवधी लोकांनी चघळावा, ही काही शिस्त लावायची रीत नव्हे. पण बाजूला ठेवा त्यांचा चेहरा आणि त्यांची मागणी बघा. ठाण्याच्या त्या मुलाची मागणी हीच होती.

जपानचं नाव निघालं, की आपल्याकडे लगेच हात जोडले जातात. 14 नोव्हेंबर 2017 ला तोक्योजवळची त्सुकुबा एक्स्प्रेस मिनामी-नागारेयामा स्टेशनातून 20 सेकंद आधी सुटली आणि कंपनीने जाहीर माफी मागितली. ही बातमी आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेली असेल. आपण हसलो, हळहळलो, पुढे पाठवली. पण तोक्योतल्या लोकल गाड्या सकाळच्या गर्दीत दोन-पाच मिनिटं उशिरा धावतात, हे त्या मेसेजमध्ये नसतं. कुणाला चक्कर आली, कुणाचं दप्तर दारात अडकलं, कुणी पळत येऊन बंद होणाऱ्या दारात घुसलं, ही तिथल्या उशिराची नेहमीची कारणं. पळत येऊन चढू नका, असं स्टेशनात सतत बजावलं जातं, ते उगीच नव्हे. गाडीला उशीर झाला की स्टेशनवर तसा दाखला मिळतो. तो नेऊन ऑफिसात किंवा शाळेत दाखवायचा, म्हणजे बोलणी बसत नाहीत. म्हणजे माणसं तिथेही माणसंच आहेत. फरक आहे तो दारात. गर्दीच्या डब्यात दाराशी उभा असलेला माणूस स्टेशन आलं की स्वतः खाली फलाटावर उतरतो, बाजूला होतो, आतल्यांना उतरू देतो आणि मग पुन्हा आत शिरतो. त्याचं स्टेशन ते नसतंच. तरीही तो उतरतो, कारण परत आत जाताना आपली जागा कुणी लाटणार नाही याची त्याला खात्री असते. आपल्याकडे पनवेलला दारातला माणूस दांडी सोडत नाही, कारण सोडली तर रत्नागिरीपर्यंत एका पायावर. मी त्याला अडाणी म्हणणार नाही. त्याचा हिशोब चोख आहे, फक्त तो हिशोब डब्यातल्या सगळ्यांनी एकदम केला की कुणालाच उतरता येत नाही आणि चढताही येत नाही.

आपल्या गणपतीसारखाच त्यांचा ओबोन. ऑगस्टच्या मध्यावर पितरांसाठी सगळा देश गावाकडे निघतो. तशीच गर्दी वर्षअखेरीला आणि एप्रिल-मेच्या सुट्ट्यांत. शिंकानसेनच्या नोझोमी गाड्यांना सोळांपैकी तीन डबे बिनआरक्षणाचे असायचे. त्या तीन डब्यांसमोर रांगा लागायच्या, माणसं जागा शोधत दारात घोटाळायची आणि गाडी सुटायला उशीर व्हायचा. 2023 च्या वर्षअखेरीपासून या तिन्ही हंगामांत नोझोमीचे सगळे डबे आरक्षणाचे केले. ज्या मार्गावर वर्षभराचा सरासरी उशीर गाडीमागे मिनिटा-दीड मिनिटाच्या आसपास असतो, तिथेही सणाच्या गर्दीपुढे रेल्वेलाच आपली पद्धत बदलावी लागली. आपल्याकडे हा उपाय नको. जनरलचे डबे काढले तर मोलमजुरी करणारा माणूस गणपतीला घरी जाणारच नाही. आपल्याला जनरलचे डबे वाढवून हवेत आणि ते फलाटावर कुठे लागणार हे आधी सांगायला हवं.

जपानचे गोडवे गाताना 25 एप्रिल 2005 ही तारीखही विसरता कामा नये. अमागासाकीजवळ एका लोकलचा तरुण चालक आधीच्या स्टेशनात गाडी पुढे नेऊन बसला आणि दीड मिनिटाच्या आत-बाहेर मागे पडला. उशीर केलेल्या चालकांना ती कंपनी ‘पुनर्प्रशिक्षण’ या नावाखाली दिवसेंदिवस अपमानित करत असे, याची त्याला धास्ती होती. ताशी 70 च्या वळणावर त्याने गाडी 116 च्या वेगाने घातली. डबे रुळांवरून उडून शेजारच्या इमारतीत घुसले. 106 प्रवासी आणि तो चालक स्वतः, असे 107 जण गेले. म्हणून, गाडी वेळेवर आणायला लोको पायलटवर ओरडणाऱ्या, स्टेशन मास्तरच्या टेबलावर हात आपटणाऱ्या मंडळींनाही माझं हात जोडून सांगणं आहे: पावसात हळू चालणाऱ्या गाडीला घाई करायला लावू नका. साखळीने गेलेला वेळ चालकाच्या उरावर बसून वसूल करता येत नाही.

स्वित्झर्लंडची तऱ्हा वेगळी. तिथलं वेळापत्रक असं बांधलंय, की झ्युरिच, बर्न अशा मोठ्या स्टेशनांत ठरावीक मिनिटाच्या आगेमागे चहूकडच्या गाड्या येऊन जमतात, प्रवासी इकडून तिकडे बदलतात आणि थोड्या मिनिटांत सगळ्या आपापल्या वाटेला लागतात. अशा ठिकाणी एक गाडी कुणाच्या मावशीसाठी थांबली, तर बाकी सगळ्यांच्या मावश्या चुकतात. तीन मिनिटांपेक्षा कमी उशीर असेल तरच तिथे गाडी वेळेवर धरतात, आणि तरीही दहापैकी नऊहून अधिक गाड्या त्या मोजमापात बसतात. शेजारच्या जर्मनीत मोजमाप सैल, सहा मिनिटांच्या आतली गाडी वेळेवर. तरी 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी केवळ 62.5 टक्के त्यात बसल्या. स्विस मंडळी इतकी वैतागली, की फार उशिरा येणारी जर्मन गाडी बासेललाच संपवतात, प्रवाशांना आपल्या गाडीत घेतात आणि पुढचं वेळापत्रक वाचवतात.

जर्मनीचं उदाहरण मुद्दाम दिलं. तिथला प्रवासी काही बेशिस्त नाही. रांगेत उभा राहतो, साखळीला हात लावत नाही. तरी गाड्या उशिरा, कारण रूळ, पूल, सिग्नल जुने आणि वर्षानुवर्षं दुर्लक्षित. तेव्हा प्रवासी सुधारले की गाड्या सुधारतील, असं मी म्हणत नाही. कोकण रेल्वेच्या उशिराचा मोठा वाटा एकेरी मार्गाचा आहे. दुपदरीकरण रखडलं, ते काही चाकरमान्यांनी रखडवलं नाही. स्पेशल गाड्या जाहीर होतात, पण नियमित गाड्यांना वाट देत देत त्या साइडिंगला सडतात. ऐनवेळी फलाट बदलल्याची घोषणा होते आणि हजार माणसं पुलाकडे धावतात. डब्याचा इंडिकेटर एक नंबर दाखवतो आणि समोर येऊन उभा राहतो भलताच डबा. त्या म्हातारीला जिन्यावर मागे ठेवण्यात या गोष्टींचाही हात आहे. रेल्वेला याचा जाब विचारलाच पाहिजे, लेखी विचारला पाहिजे, आणि गणपती गेले की विसरता कामा नये.

पण दुपदरीकरण येत्या चतुर्थीपर्यंत होणार नाही. साखळी मात्र आपल्या डोक्यावर आज रात्रीही लटकतेय.

ती तिथे कशी आली, हे फार थोड्यांना माहीत असेल. 1864 च्या जुलैमध्ये लंडनच्या एका लोकल गाडीत एका वयस्क बँक अधिकाऱ्याला डब्यात मारहाण करून बाहेर फेकलं गेलं. त्या काळी डबे एकमेकांपासून बंद असत. ओरडलं तरी शेजारच्या डब्यात ऐकू जात नसे, गार्डला कळवायची सोय नव्हती. त्या खुनाने इंग्लंड हादरलं आणि 1868 च्या कायद्याने लांबच्या गाड्यांत प्रवाशाला गार्डपर्यंत निरोप पोचवता येईल अशी सोय सक्तीची झाली. पुढे विनाकारण साखळी ओढणाऱ्याला पाच पौंड दंड, अशी पाटीच तिथल्या डब्यांत लागली. आपल्याकडे 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 141 व्या कलमाप्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांत आज कणकवलीहून आतल्या गावापर्यंत रात्रीची रिक्षा येते की नाही, देव जाणे. दंडाची भीती कुणाला वाटत नाही, म्हणून तर हे आवाहन. साखळी एकट्या सापडलेल्या, जीव धोक्यात असलेल्या माणसासाठी आहे. दहा वेळा आत्या-मामासाठी गाडी थांबली, की अकराव्या वेळी ज्या बाईने खरंच घाबरून साखळी ओढली, तिच्या डब्याकडे येणारा माणूसही “असेल कुणीतरी राहिलेलं” असं पुटपुटत येतो.

साखळी ओढून झाल्यावर जे होतं, ते तर आणखी भयंकर असू शकतं. 22 जानेवारी 2025 ची जळगाव जिल्ह्यातली गोष्ट अजून जुनी झालेली नाही. पाचोऱ्याजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची हाकाटी झाली. आग नव्हती. कुणीतरी साखळी ओढली, गाडी थांबली आणि माणसं हाताला येईल त्या दारातून खाली उतरली. काही जण पलीकडच्या रुळांवर उतरले. त्याच रुळांवरून कर्नाटक एक्स्प्रेस येत होती. किमान 12 जणांचा जीव गेला.

कोकणात हा धोका क्रॉसिंगच्या स्टेशनात असतो. गाडी पडली की पोरं पाय मोकळे करायला उतरतात. फलाटाच्या बाजूला नव्हे, जिथे हवा लागते त्या बाजूला. रुळांत उभं राहून सेल्फी, वडापाव, बिडी. दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठीच आपली गाडी थांबलेली असते, हे कुणाच्या ध्यानात नसतं, आणि ती दुसरी गाडी त्याच रुळांवरून येते. मग सिग्नल पडतो, गाडी हलते, अर्धे खाली, अर्धे वर आणि पुन्हा तीच हाक: “वड, वड!”

म्हणून सांगणं असं. घरातून निघताना गाडीची वेळ धरू नका, त्याआधी तासभर धरा. ठाण्याला आणि पनवेलला तर जास्तच. घरात म्हातारं माणूस असेल, गरोदर बाई असेल, लहान पोर असेल, तर आधी ती माणसं आत जाऊ देत, सामान मागून. सामान चुकलं तर चुकलं. गावाला पंखे मिळतात. मूर्ती नेत असाल तर ती हातात घेणाऱ्याला सगळ्यांत आधी चढवा आणि बाकीच्यांनी त्याला कोंडाळं करा. मुंबईहून चढणं तुमच्या घरापासून अडचणीचं असेल, पनवेल सोयीचं असेल, तर बोर्डिंग स्टेशन आधी बदलून घ्या. ते ऑनलाइन करता येतं. ऐनवेळी धावत पुढच्या स्टेशनावर गाडी पकडू, हा बेत मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये कधीच जमत नाही.

कुणी मागे राहिलंच, तर त्याला फोन करा आणि सांगा, पुढच्या गाडीने ये. डब्यातल्या टीसीला सांगा, 139 ला फोन करा. मोठं माणूस एकटं मागे राहिलं तर फार काही बिघडत नाही. फलाटावर आपल्यासारखेच हजार कोकणी असतात, कुणीतरी त्याला चहा पाजेल आणि पुढच्या गाडीत चढवेल. लहान मूल किंवा आधाराशिवाय चालू न शकणारं माणूस मागे राहिलं, तर गोष्ट वेगळी. तेव्हा साखळी ओढणाऱ्याला मी तरी दोष देणार नाही. ते होऊ नये, म्हणूनच माणसं आधी आणि पोती मागून.

आपल्या गावाच्या स्टेशनात गाडी थांबत नसेल, तर मागच्या किंवा पुढच्या स्टेशनावर उतरा आणि तिथून एसटी, टमटम, काय मिळेल ते घ्या. गाडीला थांबा हवा, ही मागणी रास्त आहे. ती ग्रामपंचायतीच्या ठरावाने, खासदाराकडे निवेदनाने, वर्षभर पाठपुरावा करून पुढे न्यायची. साखळीने घडवलेल्या थांब्याची रेल्वे नोंद करते ती गुन्हा म्हणून, मागणी म्हणून नव्हे.

दार आतून लावून घेणाऱ्यांनाही चार शब्द. पनवेलला, रोह्याला, माणगावला फलाटावर आरक्षणाचं तिकीट हातात घेऊन उभी असलेली माणसं दार ठोकतात आणि आतले कडी काढत नाहीत. मग बाहेरचे दगड उचलतात, खिडकीच्या काचा फुटतात, आणि शेवटी बाहेर राहिलेल्याच्या नातेवाइकाने आतून साखळी ओढायची. हे दर वर्षीचं आहे. कडी काढा. डब्यात आणखी दहा माणसं मावतात. मुंबईच्या लोकलने रोज जाणाऱ्या माणसाने डबा भरलाय असं म्हणणं, हे जरा अतिच झालं.

आणि साखळी ओढायची वेळ खरंच येते तेव्हा ओढा, जराही कचरू नका. डब्यात धूर किंवा ज्वाळा डोळ्यांनी दिसल्या, कुणी दारातून खाली पडलं, कुणाला हृदयविकाराचा झटका आला आणि पुढचं स्टेशन लांब आहे, एखाद्या बाईशी कुणी अतिप्रसंग करतंय, तर ओढा. ओढल्यावर मात्र जागेवर थांबा आणि येणाऱ्या कर्मचाऱ्याला काय झालं ते सांगा. खाली उतरावंच लागलं, तर ज्या बाजूला दुसरे रूळ नाहीत त्या बाजूला उतरा आणि रुळांपासून लांब उभे राहा. “आग, आग” ही हाक स्वतः पाहिल्याशिवाय पुढे देऊ नका.

आपल्या वाडीत गणपतीच्या दिवसांत आरतीची वेळ कशी पाळली जाते, हे तुम्हाला सांगायला नको. आज पहिली आरती कुणाच्या घरी, मग कुणाकडे, भजनाची बारी कुठे, सगळं ठरलेलं. एका घरी रेंगाळलं की शेवटच्या घरची आरती मध्यरात्र ओलांडते, म्हणून म्हातारेच टाळ आवरते घ्यायला लावतात. ज्या माणसांना हे जमतं, त्यांना गाडीत जमत नाही, यावर माझा विश्वास नाही.

मंडळांना विनंती आहे, की हे आवाहन आपापल्या गटांवर पाठवा, चाळीच्या फळ्यावर लावा आणि निघण्याच्या आदल्या दिवशी घरोघर एकदा तोंडी सांगा. जे मंडळ आपल्या गावच्या माणसांसाठी ठाण्याला आणि पनवेलला दोन-दोन पोरं उभी करू शकेल, त्याने ती जरूर करावीत. काम सोपं आहे: म्हाताऱ्यांना जिना उतरवून गाडी यायच्या अर्धा तास आधी डब्याच्या जागेवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि गाडी आली की आधी त्यांना चढवायचं. ही पोरं कोण, ते आजच ठरवा.